आजोबांचा चमचा

फाटकातून आत पाऊल टाकलं आणि आत्याच्या डोळ्यांना धार लागली. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, घराच्या ओढीने रडतेय बिचारी. ओढबिढ काही नव्हती. अकरा महिने रोपवाटिकेतल्या ओल्या मातीत काढलेल्या नाकाला या घरातला पेपरमिंट झोंबला, एवढंच. याच वासात ती जन्मली, याच वासात पस्तीस वर्षांची झाली, आणि इथे राहत होती तोवर तिला तो एकदाही जाणवला नव्हता.

खाली भट्टीघर, वर बिऱ्हाड. तीन पिढ्या इथे साखरेचा पाक उकळत होता आणि पेपरमिंटच्या पांढऱ्या, चपट्या गोळ्या पडत होत्या. डब्याच्या झाकणावर आत्याच्या आजोबांनी रचलेली ओळ अजून जशीच्या तशी छापली जायची: 'खोकल्यावर हमखास.' आणि नेमकी याच घरात, दादाची सहा वर्षांची भिंगरी दहा महिने खोकत होती.

दादाचा फोन आला नसता तर आत्या आलीच नसती. "मंगळवारी तिच्या घशातून नळी घालून बघणार आहेत," तो म्हणाला होता. "बाबा म्हणतात, माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. ही म्हणते, मंगळवार म्हणजे मंगळवार. मी मधल्यामध्ये चेपतोय. रविवारी सगळे बसतोय, तू ये."

"भट्टीचं ठरवताना मला विचारलं नाहीत, आता घशाचं विचारताय होय?"

"टोमणे इथे येऊन मार," दादा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. तिने पहिली बस पकडली.

टोमण्याला कारण होतं. तेलं पारखायचं काम लहानपणापासून तिचं. तीन बाटल्या समोर ठेवल्या तर कोणती ताजी, कोणती शिळी आणि कोणती भेसळीची, हे ती डोळे मिटून सांगायची. बाबा तिला कौतुकाने 'नाकाडे' म्हणून हाक मारायचे. पण मोठी कढई हवाली करायची वेळ आली तेव्हा ती दादाला मिळाली, आणि हिच्या वाट्याला आलं, "तू आहेसच की मदतीला." नाकाडीने दुसऱ्याच दिवशी रोपवाटिकेत नोकरी धरली. तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं बंद होतं.

वर जिना चढून गेली तर आईने आधी मिठी मारली आणि मग कानाशी पुटपुटली, "आल्या आल्या त्यांच्याशी भांडू नकोस."

"कोणाशी भांडू मग? तुझ्याशी?"

"माझ्याशी भांड. मला सवय आहे."

बाबा टेबलाच्या टोकाला बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि 'आलीस' म्हणायच्या ऐवजी खुर्चीकडे हनुवटी हलवली. तेवढंही त्यांच्या मानाने खूप झालं. दादा खिडकीशी उभा होता. वहिनी समोर एक निळी वही घेऊन बसली होती, आणि तिचा चेहरा असा होता की वहीला कुणी हात लावला तर चावेल.

आत्याचं आणि वहिनीचं कधी फार जमलं नव्हतं. वहिनी चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांना 'हे अक्षर दिसतंय का, ते दिसतंय का' विचारून तिला प्रत्येक गोष्ट नीट, स्पष्ट आणि लगेच लागायची. या घरात मात्र सगळ्या गोष्टी 'बघू', 'होईल' आणि 'आमच्यात असंच असतं' अशा चालायच्या. आत्या बाबांच्या बाजूने बोलायला आलीय की दादाच्या, हा हिशेब ती मनातल्या मनात करत असणार, हे आत्याला दिसतच होतं. ही आपल्याही बाजूने बोलेल, असं वहिनीच्या मनातही आलं नसणार.

"भिंगरी कुठाय?" आत्याने विचारलं.

"आत्ताच औषध झालं. अर्ध्या तासाने खायला द्यायचं. तोवर गॅलरीत पाठवलंय," आई म्हणाली. "तिच्यासमोर नको हे सगळं."

"मी सुरू करते," वहिनी म्हणाली आणि तिने वही उघडली.

तिने सुरुवातीपासून सांगितलं. आत्याला तुकड्यातुकड्यांनी कळलेलं पहिल्यांदाच सलग कळलं. आधी सर्दी म्हणून दोन महिने काढले. मग साखरेच्या धुळीने होत असेल म्हणून पोरीला भट्टीघरात यायची बंदी झाली. मग दमा असेल म्हणून फवाऱ्याचा पंप. खोकला यायचा तो आडवं पडल्यावर, किंवा जेवण होऊन ती सोफ्यावर लोळली की. सकाळी आवाज घोगरा. दोन घास खाल्ले की ताट सरकवायची, आणि सगळे म्हणायचे, नखरे करते. 'तोंडात आंबट पाणी येतं' असं पोर दोनदा म्हणाली होती. गोळ्यांच्या कारखान्यात वाढलेल्या पोरीच्या तोंडात काहीबाही येणारच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

"मी म्हणाले होते नखरे," आई हळूच म्हणाली. "मीच म्हणाले होते."

"सगळेच म्हणालो होतो, आई," दादा म्हणाला.

पत्ता लागला तो शाळेत दात तपासणारी बाई आली तेव्हा. तिने भिंगरीचे दात समोरून पाहिले, मग छोट्या आरशाने मागून पाहिले आणि वहिनीला बोलावून घेतलं. दात मागच्या बाजूने झिजले होते. गोड खाणाऱ्यांचे दात किडतात, म्हणाली, हे किडणं नाही. पोटातलं आम्ल वर तोंडापर्यंत येतंय का, ते मुलांच्या डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांनी तेच सांगितलं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला एक झडप असते, ती हिची वेळी-अवेळी सैल पडते. आम्ल वर चढतं, घसा भाजतो, खोकला येतो. औषध दिलं आणि नियमांचा कागद दिला. थोडं थोडं खायचं. झोपायच्या तीन तास आधी जेवण उरकायचं. पोटावर घट्ट इलॅस्टिक नको. पलंगाची उशाकडची बाजू वीतभर उंच. चॉकलेट, फसफसणारी पेयं आणि पेपरमिंट बंद, कारण त्यांनी ती झडप आणखी ढिली पडते.

शेवटच्या शब्दाला बाबांनी नाकातून श्वास सोडला.

"सोडा श्वास," वहिनी म्हणाली. "सहा आठवडे झाले, बाबा. सगळं केलं. काल परत खोकून खोकून उलटी झाली. डॉक्टर म्हणतात, औषधाने गुण येत नाही म्हणजे आत काय आहे ते बघायला हवं."

"सहा वर्षांची पोर. तिला गुंगी देणार, घशात नळी सारणार," बाबा म्हणाले. "अरे, माझ्या हातातली गोळी जीभ भाजेल म्हणून मी आधी फुंकून बघतो. आणि तुम्ही नळ्या घाला!"

"नळीने मरत नाही कोणी! रोज शेकडो मुलांची होते ही तपासणी."

"मग सहा आठवडे थांबलीस, अजून सहा थांब."

"का थांबू? तुम्हाला बरं वाटावं म्हणून?"

"हळू बोला, पोर गॅलरीत आहे," आई म्हणाली. ती आत्तापर्यंत नवऱ्याच्या बाजूला बसली होती. आता चहाच्या कपांचं निमित्त काढून उठली आणि सुनेच्या बाजूला येऊन बसली. दादाने बायकोकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि पुन्हा खिडकीकडे बघितलं. चेपतोय म्हणजे काय, ते आत्याला आता नीट कळलं.

तेवढ्यात दार ढकलून भिंगरीच आत आली. नाव पडलं होतं ते ती सारखी गरगर फिरायची म्हणून. आज ती चालत आली, आणि आत्याला पाहिल्यावरही नुसती जवळ येऊन टेकून उभी राहिली. मनगटं काटकुळी झाली होती. अकरा महिने आपण एका कढईसाठी रुसून बसलो आणि इकडे ही एवढीशी झाली, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"एक गुपित सांगू?" भिंगरी घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"सांग की."

पोरीने तिच्या गळ्यात हात टाकले आणि तोंड अगदी कानाशी नेलं. "मला नळीची भीती नाही वाटत. पण आईला वाटते, म्हणून मी रडणार आहे असं ठरलंय."

आत्या हसली नाही. तिच्या गालावरून पोरीचा ऊन श्वास गेला होता आणि तिचं नाक ताठ उभं राहिलं होतं.

पेपरमिंट. भिंतींतला नव्हे. भिंतींत, पडद्यांत, उशांत मुरलेला असतो तो शिजलेला वास. साखरेबरोबर उकळून मऊ पडलेला. शिवाय आज रविवार, भट्टी बंद. हा वास बाटलीतला होता. कच्चा, तिखट, नुकता झाकण उघडून घेतलेला. असा वास तिला शंभरात ओळखता आला असता.

"परत एकदा सांग," ती म्हणाली. भिंगरीने परत सांगितलं. शंकाच उरली नाही.

आता आली पंचाईत. हे बोलायचं कसं? पेपरमिंटच्या कढईवरून ज्या मुलीने घर सोडलं, तिने अकरा महिन्यांनी उगवून पहिलं वाक्य काय बोलायचं, तर पोरीच्या तोंडाला पेपरमिंटचा वास येतोय! बाबा म्हणणार, आली सूड उगवायला. वहिनी म्हणणार, माझ्यावर लक्ष नाही असं म्हणायचंय. दादा खिडकीतून उडी मारणार. गप्प बसावं, असं क्षणभर तिला खरंच वाटलं. मग भिंगरीला खोकल्याची उबळ आली, आणि ती उबळ थांबेपर्यंत तिच्या पाठीवर हात फिरवताना आत्याच्या हाताला पाठीचे मणके लागले.

"वहिनी, ती वही बघू जरा," ती म्हणाली.

वहिनीने वही छातीशी धरली. "कशाला?"

"चूक काढायला नाही गं. बघू दे."

वही म्हणजे वहिनीच होती: सरळ रेघा, तारखा, काय खाल्लं, किती वाजता, किती वेळा खोकला. औषध सुरू झाल्यापासूनच्या पानांवर आत्याचं बोट फिरत गेलं. पहिल्या दिवशी अकरा वेळा. चौथ्या दिवशी सात. आठव्या दिवशी तीन. दहाव्या दिवशी एकदा, आणि पुढे वहिनीने आनंदाने काढलेलं एक फूल. तेराव्या दिवशी पाच. पंधराव्या दिवशी नऊ. तिथून पुढे फूल नव्हतं.

"इथे गुण आला होता की."

"आला होता. मग गेला. डॉक्टरही तेच म्हणाले, असं होतं कधीकधी."

"अकराव्या दिवशी घरात काय बदललं?"

"काही नाही." वहिनी थबकली. "माझी रजा संपली. मी कामावर जायला लागले."

"मग सकाळचं औषध कोण देतं?"

आईने कपातल्या चहात नजर बुडवली, आणि तिची ती सवय या घरात सगळ्यांच्या ओळखीची होती. काही झाकायचं असलं की ती कपात बघायची.

"आजोबा देतात. रविवारी पण," भिंगरीने सांगून टाकलं. "माझ्या खास चमच्यातून. आईच्या औषधात कचकच लागायची, आजोबांच्या नाही लागत."

"लागेलच कशी?" बाबा म्हणाले, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "सांगायचंच राहिलं तुम्हाला. पोर रोज तोंड वाकडं करायची. आता हूं की चूं नाही. बघायचंय?"

बघायचं होतं. बाबांनी कपाटातून भिंगरीच्या पणजोबांच्या वेळचा छोटा दगडी खल काढला, औषधाची एक कॅप्सूल काढली आणि ती उघडून आतले बारीक पांढरे मणी खलात ओतले. त्यांचे हात या वयातही काय सुंदर चालायचे! बत्ता गोल गोल फिरला, मण्यांचं पीठ झालं. त्यांनी ते दोन बोटांत चोळून पाहिलं. गोळीत कण लागला की घाणा बिघडला, हे या घरातलं पहिलं शिक्षण. कचकच असलेला माल बाबांनी आयुष्यात कधी फाटकाबाहेर जाऊ दिला नव्हता. मग त्यांनी चमचाभर साखरेचा पाक घेतला, पीठ त्यात जिरवलं, आणि शेवटी अंगठ्याएवढी बाटली तिरकी केली. एक थेंब. दोन थेंब.

"झालं! कडू नाही, कचकच नाही," ते म्हणाले.

वहिनी ताडकन उभी राहिली.

"बाबा," दादा म्हणाला, "ते काय घातलंत?"

"काय घातलं? चवीला दोन थेंब. गोळ्या बंद केल्यात मी! त्या दिवसापासून पोरीच्या हातात एक गोळी दिलेली नाही, विचार तिला. दोन थेंबांना काय पेपरमिंट म्हणतात का? खाली मी मापाने ओततो, बादलीभर पाकात!"

"कच्चं तेल आहे ते," आत्या म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिने टेबलाची कड धरली होती. "गोळीत असतं त्याहून तेज. आणि तेही रोज, बाबा. डॉक्टरांनी ती झडप आवळायला औषध दिलं..."

"आम्ल कमी करायला," वहिनीने दुरुस्त केलं. "आणि ते मणी कुटायचे नसतात. मण्यांना वरून लेप असतो. पोटातल्या आम्लाने औषध वाया जाऊ नये म्हणून. ते सफरचंदाच्या गरावर नुसते टाकायचे, न चावता गिळायचे. कुटलं की औषधाचा उपयोगच होत नाही. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. आणि मी तुम्हाला काय सांगितलं? बस सुटत होती म्हणून दारातून ओरडले, 'गरातून द्या' आणि पळाले."

आत्याला वाटलं, आता फुटेल. वहिनी ओरडेल, बाबा उठून जातील, आणि हे घर आणखी अकरा वर्षं बोलणार नाही. वहिनीने तोंड उघडलंही. पण तिने सासऱ्याकडे पाहिलं आणि ती गप्प झाली.

बाबा चमच्याकडे बघत होते. त्यांनी तो चमचा नाकाशी नेला. मग बाटली नेली. बाटली तशीच धरून राहिले, एकदा, दोनदा श्वास ओढला, आणि बाटली हळूच खाली ठेवली.

"मीच दिलं," ते म्हणाले. "रोज सकाळी. चमच्याने."

ते उठले आणि जिना उतरून गेले. आई लगबगीने उठायला लागली तर दादाने तिला बसवलं. "तू नको. ही जाऊ दे," असं म्हणून त्याने बहिणीकडे पाहिलं.

भट्टीघरात अंधार नव्हता. वरच्या झरोक्यांतून भरपूर ऊन येत होतं. धुऊन पालथी घातलेली मोठी कढई मधोमध होती आणि तिच्या शेजारच्या स्टुलावर बाबा बसले होते. आत्या समोरच्या साखरेच्या पोत्यावर टेकली.

"मी सूड उगवायला नाही बोलले, बाबा."

"माहीत आहे." ते थांबले. "तुला वरती वास आला ना? पोरीच्या तोंडाचा?"

"हो."

"मला नाही येत," बाबा म्हणाले. "त्या बाटलीचाही नाही येत. चार-पाच वर्षं झाली असतील. आधी वाटलं सर्दी आहे. मग वाटलं तेलच हलकं येतंय, म्हणून कढईत एक-एक थेंब वाढवत गेलो; बाटल्या तुझ्याकडे होत्या, कढईशी मी एकटाच. दादाचंही तसंच आहे, तो बोलत नाही. पेपरमिंटवाले आम्ही, आणि घरात एकालाही पेपरमिंट येत नाही." ते हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "कढई देताना तुला दिली असती, तर तू पहिल्याच दिवशी ओळखलं असतंस. म्हणून नाही दिली. कोणाला सांगू नकोस."

आत्याला एकदम राग आला आणि त्याच क्षणी रडूही आलं. अकरा महिने ती समजत होती की आपल्यात काहीतरी कमी आहे म्हणून आपल्याला डावललं.

"एवढ्यासाठी?"

"माणसाला आणखी काय असतं गं? नाकच तर असतं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पोर बरी होईल ना?"

त्या प्रश्नात भट्टी, कढई, तीन पिढ्या काही नव्हतं. बाबांना आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडून तरी हो हवं होतं.

"दहा दिवस नीट औषध मिळालं तर फूल काढण्याइतकी बरी झाली होती," आत्या म्हणाली. "चला वर. वहिनीने डॉक्टरांना फोन लावला असेल."

लावला होता. डॉक्टर रविवार असूनही बोलल्या. खल आणि बत्त्याचं ऐकून म्हणाल्या की आजोबांना रागवू नका, आजवर मी याहून भलतं पुष्कळ ऐकलंय. मंगळवारची तपासणी चार आठवडे पुढे ढकलली. तोवर औषध सांगितलं तसं, नियम सांगितले तसे. गुण आला नाही तर तपासणी करायचीच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आणि उलटीत रक्त दिसलं, घास अडकायला लागला, श्वास कोंडला किंवा वजन आणखी उतरलं, तर चार आठवडे काय, चार तासही थांबायचं नाही.

वहिनीने हे सगळं निळ्या वहीत लिहून घेतलं होतं. मग तिने वही सासऱ्यापुढे सरकवली. "सकाळचं औषध तुम्हीच द्यायचं," ती म्हणाली.

"मी?" बाबा दचकले. "नको. आता नको."

"तुमच्या हातून ती घेते, माझ्या हातून तोंड फिरवते. फक्त खल मी कामावर घेऊन जाणार. आणि बाटलीसुद्धा."

"दुकानात खल कशाला नेतेस?" आई म्हणाली. "मी ठेवते की कुलपात."

"तुम्ही कपात बघता, आई," वहिनी म्हणाली, आणि दादा इतका मोठ्याने हसला की भिंगरीही हसायला लागली, हसताना खोकली, आणि खोकता खोकता हसतच राहिली.

त्यानंतर दर रविवारी आत्या यायला लागली. रोपवाटिका तिने सोडली नाही. उलट बाबांना बजावून सांगितलं की इथे येऊन राहिले तर माझंही नाक जाईल, मग तुमच्या उपयोगाची काय? ती यायची, आठवड्याचा माल हुंगायची आणि थेंब कमी करायला लावायची. दादा निमूट कमी करायचा. दोन आठवड्यांतच जुनी गिऱ्हाइकं म्हणायला लागली, गोळी पूर्वीसारखी लागते. दादाने ते श्रेय स्वतःकडे घेतलं नाही, आणि त्याबद्दल आत्याने त्याला मनातल्या मनात बरंच काही माफ केलं.

पलंगाचं काम बाबांनी अंगावर घेतलं. डॉक्टरांनी वीतभर उंच सांगितलं होतं, इकडे उशीखाली उशी घालून पोर रात्रभरात घसरून पायथ्याशी यायची. बाबांनी अडगळीतून पणजोबांच्या वेळचे गोळ्यांचे लाकडी साचे काढले, करवतीने एकसारखे कापले, पाणी भरलेली बाटली आडवी ठेवून उतार तपासला आणि पलंगाचे उशाकडचे दोन्ही पाय त्यावर चढवले. "पणजोबांच्या डोक्यावर झोपते मी," असं भिंगरी शाळेत सांगून आली. बाईंनी चिठ्ठी पाठवली. वहिनीला ती भानगड समजावून सांगायला शाळेत जावं लागलं.

अडचणी नव्हत्या असं नाही. संध्याकाळी सहाला जेवायचं म्हणजे भट्टीच्या वेळा बदलल्या, त्यावरून दादाची चिडचिड झाली. एका वाढदिवसाला भिंगरीने चॉकलेटचे दोन तुकडे खाल्ले आणि पुढची पूर्ण संध्याकाळ पोट धरून बसली. त्या दिवशी वहीत सहा लिहावं लागलं आणि वहिनी रडली. तेव्हा तिच्याजवळ कोण बसलं होतं, तर आई. "नखरे नाहीत हे," आई तिला सांगत होती, जणू आरोप वहिनीनेच केला होता. "पोर आहे. चुकलं. उद्या परत एकपासून."

चौथ्या रविवारी आत्या आली तेव्हा फाटकाशी बाबा उभे होते. अंगात भट्टीचा सदरा नव्हता, धुतलेला होता. हातात छापखान्यातून आलेला नव्या झाकणाचा नमुना होता. त्यावर 'खोकल्यावर हमखास' या ओळीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारलेली होती.

"काय लिहू इथे?" ते म्हणाले. "काहीतरी लिहायला हवं. जागा रिकामी दिसते."

"गोळी चांगली आहे म्हणून लिहा. तेवढं खरं आहे."

बाबांनी मान हलवली, नमुना खिशात घातला, पण तसेच घुटमळत उभे राहिले. आत्याला कळलं, त्यांना वेगळंच काही हवंय.

"वहीत कालपर्यंत चौदा दिवस शून्य आहे," ते म्हणाले. "परवा डॉक्टरांकडे जायचंय. तपासणी बहुतेक नाही लागणार म्हणतात. वजन सव्वा किलो वाढलंय. ही सगळी कागदावरची गोष्ट झाली. मी औषध देतो, गरातून देतो, कुटत नाही. पण नाकाडे..." अकरा महिने आणि चार आठवड्यांनी ते हे नाव बोलले होते. "माझ्या हाताला अजून वास असेल, चमच्याला असेल, कुठे काही राहिलं असेल, तर मला कळणार नाही गं. तू बघ."

जिन्यावर धडधड पावलं वाजली. भिंगरी दोन-दोन पायऱ्या उतरत आली, अंगणात आली, हात पसरून स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या आणि चक्कर येऊन आत्याच्या पोटावर आदळली. आवाज घोगरा नव्हता. आत्या गुडघ्यांवर बसली.

"कर बघू हाऽऽ."

"हाऽऽऽ," भिंगरीने तिच्या तोंडावर भलामोठा श्वास सोडला.

आत्याने डोळे मिटले. लहानपणी बाटल्या ओळखताना मिटायची तसे. बाबा श्वास रोखून वाकले होते. "काय येतंय?" त्यांनी विचारलं.

"सफरचंद," आत्या म्हणाली. मग तिने पुन्हा एकदा, अगदी खोल हुंगलं. "आणि दुसरं कसलंच नाही, बाबा. कसलंच नाही."